घर सोडताना मेन बंद

आठव्या दिवशी सकाळीही कॅमेरा, दिवा आणि दाराचं यंत्र तिन्ही जोडून झाली, आणि रत्नमालाबाईंना आनंद काही झाला नाही. रोजच सकाळी जुळायचं. रोजच दुपारी तुटायचं.

समोर वही उघडी होती. अंगणवाडीत असतानाची जुनी वही, पुढच्या पानांवर पोरांची वजनं आणि मागच्या बाजूनं हे नवं शिक्षण. लेकीनं, सुलेखानं, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर जे जे सांगितलं ते बाईंनी पेन्सिलीनं जसंच्या तसं उतरवलं होतं. 'अॅप उघडायचं. अधिकची खूण दाबायची. यंत्राचा दिवा भराभरा लुकलुकला पाहिजे, हळूहळू नाही. वायफायची दोन नावं दिसतात. शेवटी पाच असलेलं घ्यायचं नाही.' शेवटच्या वाक्याखाली तीन रेघा. त्या पाचानं पहिल्या दोन सकाळी खाल्ल्या होत्या. फोन पाचवाल्यावर, कॅमेऱ्याला पाहिजे दुसरं, आणि बाई बिचाऱ्या पासवर्ड पुन्हा पुन्हा घालतायत, मोठा आर, छोटा आर, चष्मा पुसून राउटरच्या मागची चिठ्ठी वाचतायत. सासष्टाव्या वर्षी माणसानं काय काय शिकावं!

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'बाहेर जाताना मेन बंद करायचा नाही.' ही ओळ लिहिताना त्यांचा हात जरा अडखळला होता. या घरात उंबरा ओलांडायचा तर आधी मेन बंद, मग कुलूप, असं चाळीस वर्षं चाललेलं. नवऱ्याचा, अप्पारावांचा कायदा. वीज मंडळातला लाइनमन माणूस, त्याच्यापुढं कोण बोलणार? पोरं शाळेला निघतानासुद्धा विचारायची, आई, मेन?

आणि सर्वांत खाली, यंत्राबरोबरच्या कागदावरून बाईंनी स्वतः उतरवलेलं, 'ऑफलाइन दिसलं तर मागचं बटण दहा सेकंद दाबून पहिल्यापासून सुरू.' हे त्यांनी सात दिवसांत सात वेळा केलं होतं. दुपारी सव्वाएकच्या सुमारास फोन बघावा तर तिन्ही चित्रं राखाडी. काय चुकलं ते कळायचं नाही. बाईंना आता वेगळीच भीती बसली होती. आपण सकाळी खरंच जोडलं होतं का? की जोडलं असं नुसतं वाटलं? ह्यांचंही असंच सुरू झालं होतं, चष्मा कुठं, किल्ली कुठं, आणि तीन वर्षांत बायकोचं नाव कुठं इथपर्यंत आलं. ही भीती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर लेकानं, अभयनं, वृद्धाश्रमात एकाऐवजी दोन बेड बघितले असते.

अप्पाराव हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर. तो टेस्टर काढून घेतला तर जेवत नसत.

"लाईन चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," बाई म्हणाल्या.

"कोन चढलं नाय ना?"

"कोणी नाही."

दिवसातून पन्नास वेळा हेच. बाई पन्नास वेळा उत्तर देत, कारण उत्तर दिलं नाही तर ते उठत.

*

अभय अकराला आला तो वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊनच. बिडकीनच्या कंपनीत रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. आत स्वयंपाकघरात कडूबाई आत्या शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. ती दौलताबादहून कालच आली होती, अप्पांची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली, आणि भावाला कुठं पाठवायचं ते आपल्याला विचारल्याशिवाय ठरू द्यायचं नाही म्हणून आली होती.

"जयभीम, आत्या."

"जयभीम. कागद आनलेस वाटतं बापाला घालवायचे?"

अभयनं फॉर्म फ्रिजवर ठेवला. "आई, सहापर्यंत बेड ठेवलाय त्यांनी. बायपासपलीकडं, चांगलं आहे, मी दोनदा बघून आलो. सहानंतर यादीतल्या पुढच्याला फोन जाईल. मग परत कधी नंबर लागेल सांगता येत नाही."

"माहिती आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पण आधी आपलं ठरलंय ते."

ठरलं होतं ते साधं होतं. रविवारी सगळ्यांच्या समोर अप्पा उठून दाराबाहेर पडले की आईच्या फोनवर घंटा वाजायला हवी आणि आईनं त्यांना गेटच्या आत गाठायला हवं. वाजली तर अप्पा घरी. नाही वाजली तर बेड. हे सुलेखानं भांडून मिळवलं होतं आणि खोकं भरून सामानही तिनंच पाठवलं होतं. अभयनं हो म्हटलं, कारण आईला हे जमणार नाही याची त्याला खात्री होती. आणि ती खात्री असल्याची त्याला लाज वाटत होती.

"अरं, गेटला कुलूप हाय की," आत्या म्हणाली. "कशाला पाहिजे ती घंटा न् फिंटा?"

"कुलूप तेव्हाही होतं, आत्या. मागच्या महिन्यात पकडीनं कडीच उचकटली त्यांनी. आणि घराचं दार लावून घेतलं तर त्यावर डोकं आपटतात. बघ कपाळ."

"मग पक्कड लपवा."

"लपवलीय. ज्यानं उभी हयात तारा तोडल्या त्याला एक कडी किती वेळ पुरते?"

मागच्या महिन्यातलं अभयनं कोणालाच पुरतं सांगितलं नव्हतं. अप्पा बिडकीनच्या रस्त्याला सापडले, एवढंच घरी माहीत होतं. पाच तास. एका हॉटेलवाल्यानं फोन केला. अभय कंपनीतून धावत गेला तर अप्पा एका विजेच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे. पायात चप्पल नाही, तळवे फाटलेले. अभय म्हणाला, अप्पा, चला. तर त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, बन्सी, उतर. उतर बाबा, चुकलं माझं. भर रस्त्यात, लोक मोबाइल काढून बघतायत, आणि सत्तर वर्षांचा बाप पोराच्या पाया पडायला वाकतोय. त्या दिवसापासून अभयला वाटत होतं की हा माणूस कुठल्या तरी भिंतीच्या आत पाहिजे. मग त्याला कोणी काही म्हणो.

*

सुलेखा साडेबाराला बसस्टँडवरून रिक्षानं आली. पिशवी खाली ठेवून तिनं आधी आईचा फोन घेतला. तिन्ही चित्रं हिरवी.

"आई, शाब्बास! सगळं चालू आहे."

"आत्ता आहे," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बघ तू. जेवून घे."

सगळे आतल्या खोलीत जेवायला बसले. अप्पांना आधीच भरवून झालं होतं. फोन मधोमध जमिनीवर, वरणाच्या पातेल्याशेजारी. त्या फोनकडं बघत चौघंजण जेवत होती. शेवग्याचं वरण, पण चव कोणाला लागते?

एक वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला.

"गेली लाईट," आत्या म्हणाली. "मे महिना लागला की ह्यांचं सुरू."

कोणी मान वर केली नाही. लाईट जाणं ही काय मान वर करायची गोष्ट आहे? सुलेखानं पदराशी खेळणाऱ्या आईकडं बघितलं, आईनं फोनकडं. फोन गप्प. दोन मिनिटं गेली. चार गेली. मग अभय ताट सरकवून उठला, हॉलमध्ये गेला आणि तिथूनच ओरडला.

"या इकडं! बघा!"

दार सताड उघडं. अप्पा गेटशी उभे होते, पायात चप्पल, दोन्ही हात कुलपावर. बाहेरून भाजीची गाडी चालली होती.

"वाजला का फोन?" अभयनं विचारलं. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "वाजला का, सुलेखा? रस्त्यावर असते आता. गाडीखाली असते."

रत्नमालाबाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू फुटलं. "मी सकाळी जोडलं होतं रे. देवाशप्पथ जोडलं होतं. सुलेखा, तू बघितलंस ना? बघितलंस ना तू? की मलाच तसं वाटलं?"

सुलेखाला त्या प्रश्नाची भीती वाटली. तिनं आईला खुर्चीवर बसवलं आणि फोनमध्ये जुन्या नोंदी उघडल्या. सोमवार, एक बारा. मंगळवार, एक आठ. बुधवार, एक दहा. ती बोटानं खाली खाली जात राहिली. रोज दुपारी एकच्या पुढं सगळं एकदम बंद, आणि पाच-सात मिनिटांनी वायफाय परत.

तेवढ्यात पंखा फिरायला लागला. तिनं मान वळवली. अप्पा गेटवरून परत आले होते. दाराआडच्या बोर्डाशी उभे होते आणि त्यांचा हात मेनवर होता. खटका वर करून त्यांनी हात खाली घेतला, चप्पल काढून भिंतीला लावली आणि खुर्चीत येऊन बसले.

"लाईन चालू हाय का?" त्यांनी विचारलं.



ज्या माणसाला चमचा कुठल्या बाजूनं धरायचा ते आठवत नाही, तो मेन विसरला असेल असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. आईला वहीत लिहायला लावलं, बाईंनी पाळलंही. अप्पांना सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आणि ते तर रोज दुपारी एकला, पूर्वी दुसऱ्या पाळीला निघायचे त्या वेळी, मेन बंद करून घर सोडत होते. गेट उघडत नाही म्हणून परत येत होते. लाईट गेली, लाईट आली, असं म्हणून बायको आत भांडी घासत होती.

"म्हणजे मी चुकत नव्हते?" रत्नमालाबाईंनी विचारलं. डोळे पुसायचेही राहिले होते.

"जोडण्यात नाही चुकलीस," सुलेखा म्हणाली. मग खरं तेही सांगून टाकलं. "पण वायफाय परत आलं की ती यंत्रं आपली आपण जुळतात, आई. नुसतं थांबायचं. तू दर वेळी दहा सेकंद बटण दाबलंस ना, त्यानं ती कोरी होतात. घरबीर, नावबिव, सगळं विसरतात."

"अगं बाई," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि हसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. "मीच पुसत होते व्हय!"

*

सुलेखाच्या पिशवीत एक छोटी काळी पेटी होती, डब्याएवढी. मेन बंद झाला तरी राउटर दोन-तीन तास चालू ठेवणारी बॅटरी. तिनं ती लाईट जाते म्हणून आणली होती.

"झालं की मग!" ती म्हणाली. "राउटरला ही लावायची. अप्पांनी मेन बंद केला तरी घंटा वाजणार. दाराच्या यंत्रात तर आपला सेल आहेच. दादा, पाच वाजता परत बघू. एक चान्स."

अभय विचारात पडला होता. "दे इकडं," तो म्हणाला, "मी लावतो." बहिणीनं त्याच्याकडं चमकून बघितलं. दोन वर्षांत ही दोघं एका बाजूला आली नव्हती. खरं सांगायचं तर तो बापाला पोचवून एकटा परत येण्याची कल्पना आठ दिवस करत होता आणि त्याला ती पेलत नव्हती.

आणि आता आत्या आडवी आली.

"नगा लावू ते."

"का, आत्या?"

"मेन बंद झाल्यावर ह्या घरात काय बी चालू ठेवायचं नाय. तुमी कधी इन्व्हर्टर मागितला तवा काय म्हनला व्हता अप्पा? आठवतंय?"

आठवत होतं. सगळ्या उस्मानपुऱ्यात इन्व्हर्टर आले, यांच्या घरी मेणबत्ती. अभयची दहावी मेणबत्तीवर झाली. पोरांनी बापाला हेकट ठरवून टाकलं होतं.

"बन्सी म्हायती हाय ना?"

"अप्पांचे मित्र. शॉक लागून गेले," सुलेखा म्हणाली.

"शॉक लागून," आत्या म्हणाली. तिनं एकदा हॉलकडं बघून आवाज खाली केला. "आमच्या दौलताबादच्या खाली, लग्नसराईत. ह्यानं खालून लाईन बंद केली. टेस्टर लावला, पेटला नाय. ह्यानंच बन्सीला सांगितलं, बंद हाय, चढ. तो चढला. आन् तेवढ्यात पलीकडच्या लग्नघरात लाईट नाय म्हनून कोनी तरी जनरेटर सुरू केला. मेन बंद न करता. करंट उलटा आला तारंवर. खाली हा हुबा, वर तो. लाकूड आनून पाडेपर्यंत..." तिनं हातातली शेंग तशीच ठेवली. "चौकशीत कोनाचीच चूक निघाली नाय. पन ह्यानं तवापासून शपथ घेतली. घर सोडायचं तर मेन बंद. आपल्या घरातनं कोनाच्या जिवावर करंट जायला नको. कळ्ळं का आता?"

अभय खाली बसला. बन्सी, उतर. चुकलं माझं. त्यानं आईकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"लग्न झाल्यापासून," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"मग काय करायचं?"

खरं तर त्यांनी नको म्हणायला पाहिजे होतं. आयुष्यभर त्या तसंच म्हणत आल्या होत्या. पण फ्रिजवर तो फॉर्म होता, घड्याळात पावणेतीन झाले होते, आणि आठ दिवस आपण वेड्या नव्हतो हे आत्ताच कळलेलं. माणसाला आशा लागली की तो काय काय बघायचं सोडून देतो बघा.

"लाव," त्या म्हणाल्या. "टीव्हीच्या मागं लाव. मी वरून कापड टाकते. दिवे दिसणार नाहीत त्यांना."

"रत्ना," आत्या म्हणाली.

"आक्का, मी एकटी राहू का या घरात? सांगा ना. तुम्ही येता राहायला?"

आत्यानं शेंगा पुढ्यात ओढल्या. 

*

पाचला अप्पा उठेनात. पाच ही त्यांची निघायची वेळ नव्हती. शेवटी अभयनंच लाइनमनच्या आवाजात हाक दिली. "अप्पाराव, कंप्लेंट आलीय! चला!" आणि त्याचं त्यालाच कानकोंडं झालं. अप्पा लगेच उभे राहिले. डोळ्यांत केवढी तरतरी! त्यांनी खिसा चाचपून टेस्टर बघितला, चपला घातल्या, बोर्डाशी गेले आणि मेन खाली ओढला.

पंखा थांबत थांबत थांबला. आतल्या दाराआडून चौघं बघत होती. रत्नमालाबाईंच्या मुठीत फोन. आता दार उघडेल, आता वाजेल. त्यांचे ओठ हलत होते.

अप्पांनी दाराच्या कडीला हात घातला आणि सवयीनं एकदा मागं वळून घर बघितलं.

पडदे ओढलेले, हॉल अंधारलेला. टीव्हीच्या मागं विणकामाचं पांढरं कापड आणि त्या कापडातून हिरवा ठिपका, चालू बंद, चालू बंद.

त्यांनी कडी सोडली. मेनकडं बघितलं, तो खाली होता. पुन्हा ठिपक्याकडं बघितलं. हळूहळू जाऊन कापड उचललं. टेस्टर काढून राउटरच्या वायरला लावला. टेस्टर पेटला नाही. बॅटरीच्या तारेवर तो पेटणारच नव्हता, पण हे त्यांना कोण सांगणार?

"पेटत नाय," ते म्हणाले. "पेटत नाय, पन जिवंत हाय." आणि मग ते ओरडले. तसा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "बन्सी! उतर! कोनी चालू केलं? लाईन जिवंत हाय! उतर रं!"

"अहो!" रत्नमालाबाई धावल्या. "काही नाही, काही नाही हो. हे खेळणं आहे, सुलेखानं आणलंय. हे बघा, काही होत नाही. मी हात लावते, बघा." आणि त्यांनी राउटरवर उजवा हात ठेवला.

अप्पांनी तो हात बघितला. पुढचं सगळं त्यांनी नेमकं केलं. हातानं ओढलं नाही. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो. कोपऱ्यातली कपडे वाळत घालायची बांबूची काठी, कोरडी, लांब, ती दोन्ही हातांनी उचलली आणि बायकोच्या मनगटावर मारली. एकदा. हाड मोडल्याचा आवाज आत्यानंही ऐकला.

बाई खाली पडल्या. सुलेखा किंचाळली. अभयनं काठी हिसकावली आणि बापाला मागून आवळून धरलं. "आत्या, झाक ते! गोधडी टाक त्याच्यावर!" आत्यानं दिवाणावरची गोधडी ओढून राउटरवर टाकली. ठिपका दिसेनासा झाला आणि अप्पांचं अंग एकदम सैल पडलं. ते पोराच्या हातातून घसरून बायकोजवळ बसले. तिच्या गळ्याला दोन बोटं लावली.

"वाचली का?" त्यांनी विचारलं. "जिवंत हाय?"

रत्नमालाबाईंचा चेहरा पांढरा झाला होता. मोडका हात त्यांनी छातीशी धरला होता. "हाय," त्या म्हणाल्या. "मी हाय जिवंत."

अप्पा रडायला लागले आणि हसायलाही. "वाचली," ते सगळ्यांना सांगत होते, अभयला, सुलेखाला, भिंतीला. "येळंवर लाकूड मिळालं. ह्या येळंला वाचली!"

त्यांनी वाचवलं होतं हो. चाळीस वर्षांनी का होईना. आणि त्या घरात हे सांगायची कोणाची हिंमत नव्हती, कारण बाकी सगळ्यांना फक्त नवऱ्यानं बायकोचा हात मोडलेला दिसत होता.

"दादा, फोन लाव," सुलेखा म्हणाली.  "मीच चुकले. मीच ते खोकं पाठवलं. लाव फोन. त्यांना सांग, आणतोय."

अभयनं आईकडं बघितलं. आत्याकडंही बघितलं. आत्या भावाच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, तिनं नाही म्हटलं नाही.

"मला माहीत होतं ते," रत्नमालाबाई म्हणाल्या. "सगळं माहीत असून मी लावा म्हणाले. त्यांना बोल लावू नका." मग जरा थांबून म्हणाल्या, "निळा शर्ट घाल त्यांना. आणि टेस्टर काढून घेऊ देऊ नको कोणाला. जेवणार नाहीत."

फॉर्मवर सही त्यांनी डाव्या हातानं केली. अंगणवाडीतल्या पोरासारखं वाकडं अक्षर आलं.

पावणेसहाला अभय बापाला घेऊन निघाला. कंप्लेंट आलीय म्हटल्यावर अप्पा खुशीत होते. दाराशी थांबून त्यांनी मेन बघितला. खाली होता. त्यांनी समाधानानं मान हलवली, बायकोकडं वळून म्हणाले, "बाई, संबाळून ऱ्हावा. लाईनला हात लावू नका," आणि बाहेर पडले.

रत्नमालाबाईंच्या मांडीवरचा फोन घणघणला. अप्पा बाहेर पडले म्हणून, आठ दिवसांत पहिल्यांदा. पडद्यावर मोठी अक्षरं आली, 'मुख्य दार उघडलं.' गोधडीखाली राउटर इमानदारीत चालूच होता. मग गेट वाजलं, मग गाडी सुरू झाली. सुलेखानं दार लोटलं तसा फोन पुन्हा वाजला. 'मुख्य दार बंद झालं.'

"बंद कर गं ते," बाई म्हणाल्या. सुलेखानं फोन घेतला, पण तो गप्प कसा करायचा ते तिला त्या घडीला सुचेना. ती नुसती हातात धरून उभी राहिली आणि रडली.

आत्या पदरानं वारा घेत होती. हॉलमध्ये उकाडा दाटला होता. कोणी पंखा लाव म्हणालं नाही.

सहाला रिक्षा आली. घाटी दवाखान्यात हात दाखवायचा होता. सुलेखानं आईला धरून उठवलं, चप्पल पायात सरकवून दिली. दाराशी आल्यावर ती थांबली आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, मेन?"

रत्नमालाबाईंनी बोर्डाकडं बघितलंही नाही.

"बंद आहे," त्या म्हणाल्या. "ते करून गेलेत."